वसतिगृहाच्या खिडकीतली वायफायची डबी

मित्रांनो, मी एक जुनी वायफायची डबी आहे. साबणाच्या वडीएवढी. पोटात सिमकार्ड घालून बटण दाबून धरलं की माझ्या कपाळावर निळा दिवा लागायचा आणि आसपासच्या मोबाईलना मी इंटरनेट पुरवायची. आता मी सोलापुरातल्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या ऑफिसात, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून आहे. बॅटरी फुगल्यामुळे माझं पाठीमागचं झाकण नीट बसत नाही. कपाट कधीतरी उघडतं, मला थोडा उजेड दिसतो, आणि पुन्हा दार लागतं.

मी जन्मले त्या कारखान्याचं नाव मला ठाऊक नाही. पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी मला जोडलं, तपासलं आणि खोक्यात बंद केलं, एवढंच आठवतं. खोकं उघडलं ते सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानात. काचेच्या कपाटात मी बरेच महिने बसून होते. बाहेरून रिक्षांचे हॉर्न ऐकू यायचे आणि समोरच्या दुकानात साड्यांच्या घड्या उलगडताना दिसायच्या. शेवटी सांगोल्याच्या आशिषनं मला घेतलं. तो शाळेत शिक्षक होता. शाळा बंद होत्या तेव्हाची गोष्ट. त्यांच्या अंगणात गल्लीतली पोरं सतरंजीवर बसायची, मोबाईलवर धडे ऐकायची, आणि मी मधोमध स्टुलावर. आशिषची आई मला रोज मऊ फडक्यानं पुसायची. "हिच्यामुळंच पोरांची शाळा चाललीय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात कौतुकाचे दिवस होते.

मग शाळा उघडल्या. घरात तारेचं इंटरनेट आलं आणि मी सेलांच्या आणि सुतळीच्या शेजारी खणात जाऊन पडले. आशिषची धाकटी बहीण ऋतुजा शिकायला सोलापूरला निघाली, तेव्हा त्यानं मला शोधून काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. "हॉस्टेलचं वायफाय कसं असेल सांगता येत नाही. ही जवळ असू दे. रिचार्ज मी मारत जाईन."

त्याचं म्हणणं खरं ठरलं. वसतिगृहाचं वायफाय ऑफिसजवळच्या खोल्यांना मिळायचं. ऋतुजाची खोली पार मागे, तळमजल्यावर. तिथं ते पोचायचंच नाही, आणि चुकून पोचलं तरी अभ्यासाच्या पानांपलीकडे काही उघडू द्यायचं नाही. व्हिडिओ कॉल तर बंदच. आवारात कुठंही मोबाईलच्या नेटवर्कवर साधं बोलणं व्हायचं, पण चित्र हलायचं नाही. खिडकीच्या एका कोपऱ्यात मात्र मला चांगली रेंज मिळायची. बाहेरचं असं यंत्र खोलीत ठेवायचं नाही, हा वसतिगृहाचा नियम होता. म्हणून ऋतुजानं मला पडद्याआड लपवलं.

खोलीत आणखी दोघी होत्या. बार्शीची वैदेही बोलकी, हसरी. मैंदर्गीची श्रावणी अबोल, हनुवटीवर ठळक तीळ. तिचं घर कानडी. मराठी ती जपून, शब्द निवडून बोलायची. ऋतुजानं पहिल्याच दिवशी दोघींना माझा पासवर्ड दिला. "आपली तिघींची हाय ही डबी," ती म्हणाली. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळ झाली की श्रावणी मोबाईल घेऊन खिडकीशी यायची. कॉल लावायची. पण बोलायची मात्र नाही. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. हसायची, बोटं नाचवायची, गालाला हात लावायची, मान वेळावायची. मोबाईल असा धरायची की त्यातलं चित्र फक्त तिलाच दिसावं. त्या मोबाईलपर्यंत चित्र मीच पोचवत होते, त्यामुळे पलीकडे कोण आहे ते मला माहीत होतं. डोक्यावर पदर घेतलेली, उन्हानं रापलेली एक बाई तिकडे तशीच बोटं नाचवत असायची. ती श्रावणीची आई, सुगलाबाई. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. वाचायलाही येत नव्हतं. मायलेकींनी लहानपणापासून हातांची एक भाषा तयार केली होती. ती त्या दोघींनाच यायची. दिवसभर सुगलाबाई दुसऱ्यांच्या रानात कामाला जायची आणि संध्याकाळी घरी येऊन लेकीसमोर बसायची. व्हिडिओ नसला तर त्यांच्यात बोलणंच नव्हतं.

श्रावणीनं हे कुणाला सांगितलं नाही. शाळेत असताना पोरं तिच्या आईच्या नकला करायची. तेव्हापासून ती हा विषय काढत नसे.

पुढे परीक्षा जवळ आल्या. ऋतुजा रात्रीच्या जेवणानंतर शिकवणीचे व्हिडिओ बघायला बसायची आणि तेवढ्यात दिवसाचा डेटा संपायचा. दोन-चार वेळा असं झालं. ती चिडली.

"हिच्या त्या कॉलमुळं होतंय सगळं," श्रावणी बाहेर गेलेली असताना ती वैदेहीला म्हणाली.

"कुणाशी बोलते गं ती?" वैदेहीनं विचारलं. "आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून खुणा करत असते. कुणीतरी मुलगा असणार."

"असंल की. लई लाजत असती."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मित्रांनो, माझ्याकडे दिव्यांशिवाय काही नव्हतं. निळा दिवा लुकलुकला. तो तर नेहमीच लुकलुकायचा.

त्याच आठवड्यात श्रावणी तापानं पडली. अंगात हुडहुडी भरलेली, ओठ सुकलेले. तशीच ती खिडकीशी बसून आईशी बोलत होती. आई तिला काढा घ्यायची खूण करत होती, डोक्याला पट्टी बांध म्हणत होती. तेवढ्यात डेटा संपला आणि आईचा हात अर्ध्यावरच थांबला. दुसऱ्या दिवशी ऋतुजानं माझा पासवर्ड बदलला.

संध्याकाळी श्रावणीनं मोबाईल हातात घेतला, पुन्हापुन्हा जोडून पाहिला.

"ऋतुजा, वायफाय जोडलं जात नाही."

"बदललाय पासवर्ड. माझी परीक्षा हाय. रोज डेटा संपला तर मी काय करू?"

"मला थोडाच वेळ पाहिजे. गरजेचं आहे."

"असलं काय गरजेचं? तोंड मिटूनच तर बसतीस. परीक्षा झाल्यावर कर की."

वैदेही हसली. श्रावणीनं दोघींकडे पाहिलं, भिंतीकडे तोंड करून ती आडवी झाली, आणि पांघरुणातूनच तिनं शेजारच्या रुद्रप्पा काकांना साधा फोन लावला. "काका, अव्वगं हेळ्री," इतकं मला कळलं. अव्वा म्हणजे आई. आईला सांगा, मी बरी आहे, असं ती विनवत होती. ऋतुजाला कानडी येत नव्हतं. ती पुस्तकात डोकं घालून बसली.

रुद्रप्पा काकांनी निरोप दिला. पण सुगलाबाईला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटेना. तिनं लेक शेवटची पाहिली ती तापानं फणफणलेली. आणि मग रोज संध्याकाळी रिकामा मोबाईल. लोक आपल्यापासून काहीतरी लपवतायत, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं जेवण सोडलं. काकांनी हे फोनवर सांगितलं तेव्हा श्रावणीचा ताप नुकताच उतरला होता. रविवारी सकाळी कुणाशी न बोलता, पिशवीत एक कपडा टाकून ती मैंदर्गीला निघून गेली.

त्या दिवशी दुपारी वैदेही धापा टाकत खोलीत आली.

"ऋतुजा, गेटवर एक बाई आलीय. मुकी आहे. नुसती हनुवटीला बोट लावून दाखवतेय. वॉचमन महिपती मामांना वाटतंय तिची दाढ दुखतेय, ते तिला दवाखान्याची वाट दाखवतायत. पण ती हलत नाही."

ऋतुजा सहज म्हणून तिच्याबरोबर बघायला गेली. गेटवर काय झालं ते वैदेहीनं मागाहून ऑफिसात किती तरी जणींना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. त्या बाईनं कंबरेच्या पिशवीतून मोबाईल काढून फोटो दाखवला होता. फोटोत शाळेच्या गणवेशातली, दोन वेण्या घातलेली पोरगी.

"फोटू दावतीया, पर हितं कोण असल्या दोन येण्या घालतंय?" महिपती मामा म्हणाले. "मी तरी वळखत न्हाय."

ऋतुजानं फोटो पाहिला. पोरीच्या हनुवटीवर ठळक तीळ होता. बाई पुन्हा आपल्या हनुवटीला बोट लावत होती. हातांच्या भाषेत लेकीचं नावच तिनं तसं ठेवलेलं होतं. मग बाईनं कपाळाला हात लावून ताप असल्याची खूण केली आणि ओठांनी आवाज न करता काहीतरी म्हटलं. ती बोटं, ती मानेची लकब, ऋतुजानं खिडकीशी रोज पाहिली होती.

ती धावत खोलीत आली, मागोमाग वैदेही. तिनं पडदा बाजूला सारला आणि मला उचललं.

"बाहेर नेऊ नकोस," वैदेही म्हणाली. "रेक्टर मॅडम ऑफिसात आहेत. जप्त करतील."

"करू देत."

जाता जाता तिनं श्रावणीला साधा फोन लावला. श्रावणी मैंदर्गीत घराच्या कुलपासमोर उभी होती. रडून तिचा आवाज बसला होता. आई कुठं गेली ते गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

"श्रावणी, तुझी आई हितं हाय. आपल्या गेटवर. नीट हाय."

श्रावणी लगेच म्हणाली, "व्हिडिओ लाव. तिला मला बघू दे."

महिपती मामांच्या टेबलावर ऋतुजानं मला उघड्यावर ठेवलं. नवा पासवर्ड सुगलाबाईच्या मोबाईलमध्ये घाईनं घालताना तो तिच्याकडून दोनदा चुकला. तो पासवर्ड तिनंच ठरवलेला होता. शेवटी माझा निळा दिवा लागला. अंग तापलं होतं, बॅटरी तेव्हाच फुगायला लागली होती, पण मी सगळा जीव लावला.

पडद्यावर श्रावणी दिसली. सुगलाबाईनं मोबाईल मामांच्या हातात दिला, कारण तिला बोलायला दोन्ही हात हवे होते. मामा मोबाईल धरून तसेच ताटकळत उभे राहिले. तिचे हात भराभर चालू लागले. कपाळ, डोळे, छाती, आभाळ. मध्येच ती थांबे आणि पदरानं तोंड पुसे. पलीकडे श्रावणीचेही हात चालत होते. गेटवर पोरी जमल्या होत्या.

ऋतुजा भिंतीला टेकून उभी होती. मैंदर्गीहून एकटी कधी कुठं न गेलेली ही बाई अक्कलकोटला गाडी बदलून सोलापूरला आली होती. प्रवेशाच्या दिवशी काढलेला नुसत्या गेटचा फोटो रिक्षावाल्यांना दाखवत होती. एकानं तिला नवी पेठेतच उतरवलं, आणि त्या गर्दीतून वाट काढत ती इथवर पोचली होती. हे सगळं श्रावणीनं त्या कॉलवरच मराठीत सांगितलं. सांगताना तिनं ऋतुजाचं नाव एकदाही घेतलं नाही.

रेक्टर गोदावरी मॅडम केव्हा येऊन उभ्या राहिल्या, कुणाला कळलं नाही. कॉल संपेपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी ऋतुजापुढे हात केला. "आता दे ती डबी."

ऋतुजानं मला त्यांच्या हातात दिलं.

मॅडमनी सुगलाबाईला ऑफिसात बसवलं, चहा मागवला. संध्याकाळच्या गाडीनं श्रावणी परत आली तेव्हा मी मॅडमच्या टेबलावर होते. मायलेकी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. नंतर ऋतुजा दारात आली.

"श्रावणी, माझं चुकलं. मला ठाऊक असतं तर…"

"ठाऊक नव्हतं ते बरोबर आहे," श्रावणी शांतपणे म्हणाली. "पण ऋतुजा, माझी आई कशी आहे हे आधी सांगितलं तरच मला तिच्याशी बोलायला मिळणार होतं का?"

वसतिगृहात व्हिडिओ कॉल बंद ठेवणाऱ्या मॅडमनी मान खाली घातली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ऑफिसच्या इंटरनेटवरून श्रावणीला कॉल करू द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. श्रावणीनं खोली बदलून मागितली. ती पुन्हा मागच्या खोलीत राहायला गेली नाही.

निघण्याआधी सुगलाबाई ऋतुजापाशी आली. तिला पासवर्डचं काही माहीत नव्हतं. आपल्याला लेक दाखवणारी पोरगी ही, एवढंच तिला ठाऊक. तिनं ऋतुजाच्या गालावरून हात फिरवला, पाच बोटं जुळवून ओठांशी नेली आणि भुवया उंचावल्या.

"काय म्हणतायत?" ऋतुजानं विचारलं.

श्रावणीनं आधी आईचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "जेवलीस का, विचारतेय."

ऋतुजाला मान वर करवेना. ती तशीच उभी राहिली, आणि सुगलाबाई तिच्या उत्तराची वाट बघत राहिली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना जपा. उन्हात टाकू नका, दिवसभर चार्जरला लावून ठेवू नका, बॅटरी फुगली तर वेळेवर बदला. पण आणखी एक मागणं आहे. तुमच्याजवळची एखादी वस्तू तुम्ही कुणाला वापरू देत असाल आणि एक दिवस ती बंद करावीशी वाटली, तर त्या माणसाशेजारी जाऊन बसा आणि त्याला ती कशासाठी लागते ते आपुलकीनं विचारा. त्यानं सांगितलं तर ऐका. आणि सांगायचं नसेल, तरी थोडा वेळ ती त्याला वापरू द्या.