टाग्पीच्या पायातला खिळा

“गुरगुरू नकोस माझ्यावर. दात मलाही आहेत, तुझ्यापेक्षा थोडे कमी आहेत एवढंच,” असं म्हणत देन्सियोने टाग्पीचा पुढचा डावा पाय पुन्हा हातात धरला.

टाग्पीने तो पुन्हा ओढून घेतला. सकाळपासूनची ही तिसरी वेळ. कालपासून तो तीन पायांवर चालत होता, जेवणावरचं लक्ष उडालं होतं, आणि पंजा चाटून चाटून फरशी ओली करत होता.

टाग्पी खरं तर लुमिंगचा, देन्सियोच्या बायकोचा. तिनेच त्याला नदीकाठच्या बाजारातून पिशवीत घालून आणलं होतं, तिच्याच हातचा भात तो खायचा, तिच्याच पायाशी झोपायचा. देन्सियो म्हणजे घरात बसून बुटांवर ठकठक करणारा कुणीतरी, इतकीच त्याची कुत्र्याच्या लेखी किंमत. अकरा महिन्यांपूर्वी लुमिंग गेली आणि तेव्हापासून हे दोन म्हातारे एका छपराखाली एकमेकांना सोसत होते.

“अहो देन्सियोदादा, कुत्रा आहे तो, बूट नाही. असा उलटा काय धरलाय?” शेजारची पासिंग दारातून आत आली. तिच्या हातात पेरूच्या पानांची जुडी होती. “ही घ्या. उकळा, कोमट करा, मग धुवा. आणि नाहीच जमलं तर सरळ हमरस्त्यावरच्या डॉक्टरकडे न्या.”

“पन्नास वर्षं लोकांचे पाय बघतोय मी.”

“माणसांचे.”

“पाय तो पाय. गुरुवारपर्यंत सूज उतरली नाही तर नेईन डॉक्टरकडे. तोवर तू रोवेनाला काही कळवू नकोस.”

पासिंग पानं निवडण्यात गुंग झाली. देन्सियोने तिच्याकडे निरखून बघितलं. “कळवलंस?”

“तिनेच विचारलं हो! मी काय खोटं बोलू?”

म्हणजे झालंच. रोवेना ही त्याची एकुलती एक मुलगी. ती पासिग शहरात एका इमारतीच्या एकोणिसाव्या मजल्यावर राहायची आणि बापाने तिच्याकडे राहायला यावं म्हणून वर्षभर मागे लागली होती. त्या इमारतीत कुत्रा चालत नव्हता, आणि बूट ठोकण्याचा आवाज तर नाहीच नाही. तासाभरात तिचा फोन आलाच.

“बाबा, टाग्पीला काय झालं?”

“काही नाही. जरा लागलंय.”

“गेल्या महिन्यात पातेलं जळलं, तेव्हाही काही नव्हतंच. बाबा, एका कुत्र्याचं तुम्हाला होईना, तुमचं तुम्हाला कसं होणार? मी रविवारी येतेय, गाडी घेऊन. टाग्पीला पासिंगमावशी ठेवून घेईल. आता वाद नको.”

“आणि रविवारी तो नीट चालला तर?”

“चालला तर बघू,” रोवेना म्हणाली. पण गाडी आणू नको की आण, हे तिने सांगितलं नाही.

देन्सियोने फोन ठेवला आणि पानं उकळायला टाकली. आज सोमवार. हातात सहा दिवस होते. एका पंजासाठी सहा दिवस पुष्कळ झाले, असं त्याने स्वतःला बजावलं.

पाणी कोमट झाल्यावर त्याने लुमिंगचा घरात घालायचा जुना झगा कपाटातून काढला आणि त्याची पट्टी फाडली. फाडताना जिवावर आलं, पण तेवढं मऊ सुती कापड घरात दुसरं नव्हतं. ती पट्टी नाकाशी येताच टाग्पीचं गुरगुरणं थांबलं. त्याने कापड हुंगलं, एक लांब श्वास सोडला आणि पाय दिला. “तिचं ऐकतोस होय लबाडा,” देन्सियो पुटपुटला.

पंजा धुतल्यावर तळव्याच्या मऊ गादीच्या मधोमध एक काळा ठिपका दिसला. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्याने चिमटा लावला, डाव्या हाताने पंजा घट्ट धरला आणि सरळ ओढलं. टाग्पी एकदाच केकाटला. चिमट्यात बारीक खिळा होता.

“सापडला का?” पासिंगने मोरीतून विचारलं.

“हो. रस्त्यावरचा असेल कसला तरी,” देन्सियो म्हणाला आणि त्याने खिळा सदऱ्याच्या खिशात टाकला.

रस्त्यावरचा नव्हता तो. बुटाचं कातडं लाकडी साच्यावर ताणून बसवायला लागतो तो हा खिळा, बारक्या डोक्याचा. या गल्लीत आता तसे खिळे एकाच घरात मिळाले असते. एके काळी इथे दर दुसऱ्या दारातून हातोडीचा आवाज यायचा. आता उरला होता तो एकटा देन्सियो.

पेरूच्या पाण्याने धुणं, आयोडीन लावणं, पट्टी बांधणं हे सकाळ-संध्याकाळ सुरू झालं. आणि प्रत्येक वेळी देन्सियोची पाठ वळली की टाग्पी पट्टी दातांनी सोडून तिच्यावर आरामात झोपायचा. मंगळवारी दुपारपर्यंत झग्याची एक बाही संपली.

“थांब, तुला दाखवतोच,” देन्सियो म्हणाला. त्याने कागदावर पंजा ठेवून पेन्सिल फिरवली, माप घेतलं, रापीने मऊ वासराचं कातडं कापलं आणि संध्याकाळपर्यंत टाग्पीसाठी एक बूट शिवला. दुहेरी शिलाई, वर नाडी, बोटांशी गोल. कुठे सुरकुती नाही की फट नाही. पासिंगने तो बघून हात जोडले.

“अगं बाई! माझ्या लग्नातसुद्धा असे बूट नव्हते. बाकीचे तीन कधी देताय त्याला?”

देन्सियो खूश झाला. तो बूट त्याने बुधवारभर टाग्पीच्या पायात ठेवला आणि रात्रीही काढला नाही. पट्टी जागची हलली नाही म्हणून समाधानाने झोपला. गुरुवारी सकाळी नाडी सोडली तर आतून कुबट वास आला. पंजाची कातडी पांढरी, ओली, सुरकुतलेली. जखमेची कड लाल झाली होती.

तो कितीतरी वेळ तसाच जमिनीवर बसून राहिला. बूट पायाबरोबर बसला म्हणजे काम फत्ते, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. पण जखमेला चांगला बसणारा बूट नको असतो, हवा हवी असते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं. आज गुरुवार होता. डॉक्टरकडे नेण्याचा शब्द त्याने स्वतःच दिला होता. त्याने पंजा दाबून बघितला. सूज मात्र नव्हती, पूही नव्हता. “आणखी एक दिवस दे मला,” तो टाग्पीला म्हणाला. “उद्या बिघडलं तर तुला उचलून नेतो, आणि रोवेनाकडे मुकाट्याने जातो.”

त्याने पंजा धुतला, कोरडा केला आणि खिडकीखाली उन्हात उघडा ठेवला. टाग्पीने चाटू नये म्हणून दुपारभर स्वतः शेजारी बसला. अंगणात जाण्यापुरता एक सैल, वरून उघडा कापडी मोजा शिवला, तळाला पातळ कातडं लावून. दिसायला अगदी गबाळा. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम, पण शुक्रवारी जखमेवर कोरडी खपली धरली.

पंजा मार्गी लागला तेव्हा कुठे खिशातला खिळा बोचू लागला.

देन्सियो पुढच्या खोलीतल्या दुकानात बाकावर बसला. नेहमीसारखे बारा खिळे त्याने तोंडात टाकले. मारिकिना हे बुटांचं गाव, आणि इथला चांभार खिळे तोंडातच ठेवतो. जिभेने एकेक ओठाशी आणायचा, बोटांनी घ्यायचा, ठोकायचा. डोळे बुटावरून हलत नाहीत. पोरवयापासून तो असंच करत आला होता. दुरुस्तीला आलेल्या एका बुटाचं कातडं त्याने ताणलं आणि सगळे खिळे संपेपर्यंत ठोकलं. मग बुटातले मोजले. दहा.

तोंडात एकही नव्हता. मांडीवरही नव्हता. दोन खिळे जमिनीवर कधी पडले, ते त्याला कळलंही नव्हतं.

डावा हात आपोआप ओठाच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला. अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी त्याचं तोंड वाकडं झालं होतं. आठवडाभर दवाखान्यात राहून तो परत आला, हात सुधारला, बोलणं सुधारलं. सगळ्यांना त्याने सांगितलं की झालो मी पहिल्यासारखा. पण तो कोपरा बधिर राहिला होता. तिथे भाताचं शीत चिकटलं तरी कळायचं नाही. लुमिंग काही न बोलता पदराने टिपावं तसं झग्याच्या टोकाने ते टिपायची.

आणि लुमिंग घरभर लोहचुंबक ओढायची.

ते आठवलं आणि तो उठलाच. शिलाईच्या मशीनमागे, खुंटीला, दोरी बांधलेलं ते नालाच्या आकाराचं लोहचुंबक अजून टांगलेलं होतं. खाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा. रोवेना रांगती होती तेव्हापासून लुमिंग दर शनिवारी ते जमिनीवरून फिरवायची आणि मिळालेले खिळे डब्यात टाकायची. तो तिला चिडवायचा, “खिळे वेचून घर बांधणार आहेस का, कंजूष?” ती म्हणायची, “घरात पाय अनवाणी असतात.”

शेवटी शेवटी ती ते रोज ओढायची. शनिवारचं काम रोजचं कधी झालं, हे त्याने विचारलं नव्हतं. जन्मभर अनवाणी वावरणारी बाई घरात चपला घालू लागली, तेव्हाही गुडघे दुखतात म्हणाली, आणि त्याला ते खरं वाटलं.

त्याने डबा वर्तमानपत्रावर हलके उपडा केला. तळाचे खिळे आता वर आले. गंजलेले, वाकडे, साच्यावरून उपसून काढलेले. चाळीस वर्षांचा कचरा. त्याने तो बोटांनी बाजूला सारला. खाली, म्हणजे डब्यात जे सगळ्यात वर होतं तिथे, नवे खिळे होते. ओंजळभर. सरळ, चकचकीत, टोकं शाबूत. एकालाही कधी हातोडी लागलेली नव्हती.

ठोकलेला खिळा असा राहत नाही. हे सगळे त्याच्या तोंडातून पडले होते.

म्हणजे तिला ठाऊक होतं. दीड वर्ष रोज संध्याकाळी ती ते उचलत होती आणि दुसऱ्या सकाळी त्याच्यापुढे कॉफी ठेवून म्हणत होती, “आज काय बनवताय?” बोलली असती तर त्याने हातोडी खाली ठेवली असती. हे तिला त्याच्याहून जास्त कळत होतं. देन्सियोला रडू आलं, आणि ते त्याने आवरलं नाही. टाग्पी लंगडत, म्हणजे आता जेमतेम लंगडत आला आणि वर्तमानपत्र हुंगू लागला. “मागे हो!” देन्सियो ओरडला आणि त्याने दोन्ही हातांनी खिळे झाकले.

रविवारी चर्च सुटल्यावर रोवेना आली. बाहेर मैत्रिणीची गाडी, हातात घडी केलेले खोके. टाग्पी अंगणातून धावत गेला, चारही पायांवर, आणि तिच्या अंगावर उड्या मारू लागला. तिने त्याचा पंजा उलटा करून बघितला. गादीवर मसुराएवढी खपली होती, बस.

“अय्या, खरंच बरा केलात की,” ती म्हणाली. खोके तिने भिंतीला टेकवले. “काय लागलं होतं?”

काच म्हणता आलं असतं. पासिंग दारात उभी होती, तीही हो म्हणाली असती. त्याने खिशातून खिळा काढून बाकावर ठेवला.

“माझा आहे. माझ्या तोंडातून पडला. मला कळतच नाही पडलेला.”

रोवेनाचा चेहरा उतरला. “बाबा! आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय? गिळला असता म्हणजे? चला. आत्ताच्या आत्ता चला.”

“आधी बस. तुझ्या आईला ठाऊक होतं हे.” त्याने डबा तिच्यापुढे सरकवला. “तिने माझ्या हातातली हातोडी काढून घेतली नाही. जमीन साफ केली. ते मी केलं नाही, म्हणून टाग्पीला लागलं. आता मी करतो.”

बाकावर एक बशी होती, लुमिंगच्या कपाची. कामाचे खिळे आता तोंडाऐवजी तिच्यात होते. त्याने खुंटीवरून लोहचुंबक काढलं आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत ओढलं, बाकाखाली, मशीनखाली, उंबऱ्यापर्यंत. वाकताना कंबर कुरकुरली तरी थांबला नाही. मग ते मुलीसमोर धरलं. त्याला काही चिकटलेलं नव्हतं.

“आणि उद्या विसरलात तर?”

“विसरलो, आणि हा पुन्हा लंगडला, तर मीच तुला फोन करीन. हे खोके मीच भरीन. ते इथेच ठेवून जा.”

रोवेना डब्यातले चकचकीत खिळे बोटाने हलवत राहिली. पासिंगने डोळे पुसले आणि आपल्याला दूध तापवायचंय म्हणून निघून गेली.

मग रोवेना उठली. तिने पायातले काळे बूट काढले. नोकरी लागली तेव्हा त्यानेच तिला बनवून दिले होते. ते तिने उंबऱ्याशी ठेवले आणि ती अनवाणी पायांनी, खाली न बघता, सबंध दुकान ओलांडून स्वयंपाकघरात गेली. देन्सियो श्वास रोखून तिची पावलं बघत होता.

“भात किती टाकू?” तिने आतून विचारलं.

“टाग्पीला धरून टाक,” तो म्हणाला.

त्याने तिचे बूट उचलले. उजवी टाच बाहेरच्या अंगाने झिजली होती. लहानपणापासून ती तशीच पाऊल टाकायची. तो बाकावर बसला, बूट मांडीत घेतला, आणि बशीतला एक खिळा बोटांनी उचलला.