अंगाऱ्याने उतरलेला ताप

उंब्रजला केरबा महाराजांच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. बनुबाईच्या अंजनाचा ताप महाराजांनी चिमूटभर अंगाऱ्याने पुन्हा उतरवला होता, आणि आता तर पोरीच्या अंगात देवी आली होती. पंधरवड्यापूर्वी मुंबईच्या डॉक्टरांनी तिची छाती उघडून हृदयाची झडप नीट केली, पण श्रेय सगळं राखेला.

केरबा हा बनुबाईचा सख्खा भाऊ. पलटणीतून परतला आणि वर्षाच्या आत महाराज झाला. गोळ्यांनी देवी कोपते, असं सांगून त्याने भाचीची औषधं बंद करवली. बनुबाईने ऐकलं. पाठच्या भावाचं नाही ऐकायचं, तर कुणाचं ऐकायचं?

गर्दीतून मनुबाई पुढे आली. मुंबईत अशाच ऑपरेशनच्या वॉर्डात ती नर्स होती, सुटीवर गावी आली होती. तिने अंजनाच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजला. पोरगी धापा टाकत होती, नाडी धावत होती, पाय गार पडले होते आणि आईलाही ती ओळखत नव्हती. सकाळपासून लघवी झाली का, असं मनुबाईने विचारलं तेव्हा बायका पदराआड हसल्या. बनुबाईने नकारार्थी मान हलवली. मग तिने छातीवरचं फडकं उचललं. टाक्यांवर अंगारा लिंपलेला आणि खाली पू. हसणं थांबलं.

"देवी न्हाई ही," मनुबाई म्हणाली. "जखमेतलं विष रक्तात गेलंय, म्हणून बरळती. ताप उतरला म्हंजी बरी झाली, असं न्हाई."

"मग उतरतोय कसा?" बनुबाईने विचारलं.

मनुबाईने अंगाऱ्याची पुडी उजेडात धरली, बोट बुडवून जिभेला लावलं. राखेत पांढरी, आंबटकडू पूड होती. तापाची गोळी कुटून घातलेली.

महाराजांनी डोळे मिटून ‘आई निववती, आई तारती’ असा देवीचा जप सुरू केला. बनुबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"फौजेत तू दवाखान्यातच हुतास, केरबा. तुला सगळं ठाव हुतं. आनि मी ती पुडी डोळ्याला लावून पोरीला चारली."



जवळच्या साखर कारखान्याच्या जीपमधून अंजनाला कराडच्या इस्पितळात नेलं. खूप झुंजून ती वाचली. बनुबाई मात्र केरबाच्या दारात पुन्हा गेली नाही, भाऊबीजेलाही नाही.

म्हणून मंडळी, ऑपरेशन झालेलं माणूस धापा टाकू लागलं, बरळू लागलं, तर गर्दी जमवू नका, गाडी बघा. आणि पुडी सख्ख्या भावाने दिली तरी आत काय आहे, ते आधी विचारा.