पुस्तक कोरडे ठेवावे

इतिहासाने ज्यांचे स्थान नाकारले, त्यांना ते परत देताना थोडे अधिकही देऊन टाकावे, असा मोह प्रेमळ मनाला होतो. परंतु प्रेमापोटी लिहिलेले असत्यही असत्यच असते.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांतील स्त्रियांवर नऊ वर्षे संशोधन करणाऱ्या एका प्राध्यापिकेवर हा प्रसंग आला. तिच्या ग्रंथाचे सहावे प्रकरण पपायरसवरील एका फाटक्या ग्रीक पत्रावर उभे होते. त्यातील पुसट ओळ तिने ‘भगिनीने सभेत प्रवचन केले’ अशी लावली होती. ग्रंथ छपाईला जाण्याच्या आठवड्यातच संग्रहालयाकडून नवे, स्पष्ट छायाचित्र आले. प्रवचन कोठेच नव्हते. भगिनीने दिव्यासाठी तेल पाठवले होते, एवढेच.

संपादकांनी दूरध्वनीवर सुचवले की शंका तळटीपेत घालावी. तळटीपा वाचतो कोण? तिने दोन दिवसांची मुदत मागितली आणि स्वयंपाकघरात येऊन बसली.

सासूबाई मटार सोलत होत्या. सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीमागे त्यांची तीस वर्षे गेली होती. सतराशे वर्षांपूर्वीच्या बायकांची खडान्‌खडा माहिती असलेल्या सुनेला स्वतःचा चष्मा सापडत नाही, हा त्यांचा नित्याचा टोमणा. आज सुनेचा चेहरा पाहून त्यांनी तो गिळला, काय झाले ते विचारून घेतले आणि ते पत्र पहिल्यापासून वाचून दाखवायला सांगितले.

तेलानंतरच्या ओळी सुनेने आजवर किरकोळ मजकूर म्हणून ओलांडल्या होत्या. पुस्तक वाचून झाले की भगिनीकडे परत पाठवावे. वाटेत नदी आहे, कोरडे ठेवावे. मागच्या वेळी पाने दुमडलेली आली, असे ती म्हणते.

सासूबाईंचे हात थांबले.

“अगं, ही तर माझ्याच खात्यातली. पान दुमडलं म्हणून दुसरं कोण कटकट करणार?”

“पण आई, पुस्तक तिचं होतं की नुसतं तिच्याकडे ठेवलेलं, ते कळत नाही.”

“मग तसंच लिही. ग्रंथालयातली पुस्तकं तरी कुठे माझी होती? पण मला विचारल्याशिवाय एक बाहेर गेलं नाही.”

सून त्या दिवशी प्रथमच हसली.

तिने प्रवचनाविषयीची एकोणीस पाने काढून टाकली आणि त्या जागी चार लिहिली: माझे पूर्वीचे वाचन चुकले, पुस्तक हिच्याकडून जात असे आणि हिच्याकडेच परत येत असे, याहून अधिक ठाऊक नाही. संपादक कुरकुरले, पण त्यांनी तसेच छापले.

जिने पुस्तक नदीपार धाडले, जिने तिला तिचे तेवढेच स्थान परत दिले आणि जिने मटार सोलता सोलता ते दाखवले, त्या तिघींच्या दिव्यांत तेल असो. त्यांची पुस्तके कोरडी राहोत.