तिसरी हाक

लालबागच्या शांताने गिरगावात मडमेकडे काम धरलं, तेव्हा चाळीतल्या बायकांनी नाकं मुरडली. पण शांता मुलखाची हट्टी. सकाळी मडमेचं घर आवरायचं आणि संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत कलापथकात गायचं, हा तिचा पाच वर्षांचा रिवाज. कर्णा बंद पडला तरी हिचा आवाज मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत जायचा.

मडमेचं नाव ओदेत. फ्रान्सातल्या मार्सेय बंदरातल्या मासळीवालीची पोर. सोळाव्या वर्षी खलाशांच्या कॅफेत गायला लागली, विशीत पॅरिस गाजवलं, तबकड्या निघाल्या. मग लढाई पेटली आणि व्हिएतनामातल्या सायगावला गायला निघालेली बाई मुंबईत अडकली ती अडकलीच. इथल्या एका बड्या हॉटेलात रोज गायची. पुढे दारूबंदी आली न् हॉटेल ओस पडलं. पेलाच नाही तर गाणं ऐकतो कोण मेला? त्यानंतर घसाही गेला. उरला एक चावीचा फोनो आणि तिच्याच गाण्याची एकच तबकडी.

त्या तबकडीतून मडम शांताला हाक मारायची. गाण्याची कडवी दोन, आणि दोन्हींच्या शेवटी स्वच्छ 'शांता'. पहिल्या दिवशी शांताच्या हातून बशीच पडली. मडम खोकत खोकत हसली. मोडक्या हिंदीत म्हणाली, तो आमचा फ्रेंच शब्द आहे, त्याचा अर्थ 'ती गायली'. गाऊन झालं, आता नाही. मग तिने शांताला गायला लावलं आणि आपली थंडगार बोटं तिच्या गळ्यावर ठेवून डोळे मिटून बसून राहिली. शांताच्या अंगावर काटा आला, पण म्हातारीची दयाही आली. पुढे ते रोजचंच झालं.

शांताच्या आयेने, गंगुबाईने, हे ऐकून डोक्यावर हात मारला. गंगुबाई मालवणकडची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणसं आवाजावरून ओळखायची. तिने लेकीला बजावलं, "पयल्या हाकेक ओ देऊ नको, दुसऱ्या हाकेकव नको. मेलला माणूस दोनदाच हाक मारता." तिसरी हाक आली की माणूस जितं समजावं आणि खुशाल ओ द्यावी. कोकणात शेंबडं पोरही हे जाणतं. मडम जिवंत आहे ना, असं शांता म्हणाली, तर आये म्हणाली, तबकडीतली थोडीच जिवंत आहे!

साठ सालच्या एप्रिलात महाराष्ट्र होणार हे ठरलं. एक मेच्या संध्याकाळी परळच्या मैदानात सभा, आणि पहिलं गाणं शांताचं. नेमका तेव्हाच तिचा घसा बसला. पाच वर्षं लॉऱ्यांवर उभं राहून गाऊन गाऊन तो फाटला होता. काढे झाले, ज्येष्ठमध झालं, देवीला नारळ बोलून झाला. तोंडातून नुसती हवा निघायची. ज्या दिवसासाठी गायलो त्याच दिवशी मुकं बसायचं, या विचाराने शांता रडून रडून अर्धी झाली.

त्यातच मडम वारली. घरमालकाने एक मेच्या दुपारी शांताला खोली रिकामी करायला बोलावलं. सामान बांधता बांधता तिने, शेवटचं म्हणून, फोनोला चावी दिली. पहिलं कडवं संपलं, हाक आली. दुसरं संपलं, हाक आली. शांता गप्प. सुई करकरत आतल्या कडेला लागली. ती उचलायला शांताने हात पुढे केला, तोच अगदी कानाशी आवाज आला, "शांता."

तिसरी हाक. म्हणजे जितं माणूस, दारात कोणीतरी आलं असणार. शांता वळता वळता म्हणाली, "ओ."

दारात कोणी नव्हतं. अहो, दोनदाच हाक मारायची ही रीत कोकणातल्या मेल्यांची! मार्सेयच्या मेल्यांना ती कोणी शिकवली होती?

गळ्याभोवती काहीतरी गार लागलं आणि घसा खळकन मोकळा झाला. शांताला रडू फुटलं, ते आनंदाचं की भीतीचं हे तिलाच कळेना. आवाज जपायला म्हणून परळपर्यंत ट्राममध्ये ती एक अक्षर बोलली नाही.

संध्याकाळी ती स्टेजवर उभी राहिली. शब्द मराठी, चाल नेहमीची, पण आवाज खोल, धुरकट, 'र' घशात घोळवणारा. पेटीवाले रमाकांत सूर विसरून तिच्याकडे बघत राहिले. शांताला गाणं थांबवायचं होतं, ते थांबेना. कडवी संपली तेव्हा कुठे तिचं तोंड मिटलं आणि टाळ्यांनी मैदान दणाणलं.

ती धावतच खाली उतरली. गंगुबाई पहिल्याच रांगेत बसली होती. शांताने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. म्हणाली, "आये, मी गो."

गंगुबाईने हात हलकेच सोडवून घेतले. परक्या बाईशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "बरा गायलंस गो बाये. आता माझ्या शांताक बोलाव. आज त्येचा गाणा आसा."