उकिरड्याचा मान

मायदेशी, गावात, हिन्रिक टामेनच्या दारातला उकिरडा सगळ्यात उंच होता. त्यांच्याकडे उकिरड्यावरूनच घराची ऐपत ठरायची, आणि शेजारच्या फोल्कर्टचा तर कमरेलाही लागत नसे. दोघं एकाच बोटीनं अमेरिकेत आले, नेब्रास्कात एकमेकांना लागून जमिनी घेतल्या, आणि चार वर्षांत चक्र उलटं फिरलं. फोल्कर्ट लाकडी घरात राहायला गेला. हिन्रिक अजून गवताळ ढेकळं रचून केलेल्या भिंतींतच होता.

त्यात कहर म्हणजे हा फोल्कर्ट चांगलं शेणखत ओढ्यात लोटायचा. म्हणे, या जमिनीला ते लागत नाही. त्याचं पीक बघून हिन्रिकचा नुसता जळफळाट व्हायचा.

"यंदा गहू विकला की घर बांधायचं," त्यानं बायकोला सांगितलं. "फोल्कर्टपेक्षा एक खिडकी जास्त."

"खिडकीचं राहू द्या," आन्त्ये म्हणाली. "छपरातून चहात माती पडली नाही म्हणजे झालं."

पेरणीआधी त्यानं आपलं सगळं खत रानात ओतलं, वर फोल्कर्टचंही मागून आणलं. फोल्कर्टनं खुशाल दिलं, गाडी भरायलाही हात लावला. खुळा आहे, हिन्रिक मनात म्हणाला.

जूनमध्ये गहू छातीला लागला, हिरवागर्द. रविवारी चर्च सुटल्यावर हिन्रिकनं फोल्कर्टला मुद्दाम चहाला आणलं आणि बांधावर उभं केलं. फोल्कर्ट एक काडी वाकवून बघत राहिला. जळतोय, हिन्रिकला वाटलं. त्या दिवशीचा चहा त्याला फार गोड लागला.

ऐन कापणीच्या तोंडावर वादळ आलं. फोल्कर्टचा बुटका गहू डोलून पुन्हा उभा राहिला. हिन्रिकचा, खत खाऊन माजलेला, पार आडवा झाला. ओंब्या चिखलात रुतल्या. तिथं कापणीचं यंत्र चालणार नव्हतं.

दुसऱ्या सकाळी फोल्कर्ट लांब दांड्याचे दोन विळे खांद्यावर टाकून आला.

"तुला त्या रविवारीच कळलं होतं," हिन्रिक म्हणाला.

"हो. पहिल्या वर्षी परसातल्या तुकड्यात माझाही असाच लोळला होता. लाजेनं कुणाला बोललो नाही, तुझी गाडी भरतानाही नाही."

"मग त्या रविवारी तरी का नाही सांगितलंस?"

"सांगून गहू वादळात उभा राहिला असता का? आणि तू हसत होतास रे. बोटीतून उतरल्यापासून पहिल्यांदा."

हिन्रिकला हे बोलणं पीक गेल्याहून जास्त लागलं. घर तर यंदा होत नव्हतंच, वर या माणसाला आपली कीव आली होती. त्यानं एक विळा उचलला आणि कापू लागला. दुपारी त्यानं मान वळवून पाहिलं, तर फोल्कर्ट त्याच्या हातभर पुढे होता. कमरेतली कळ गिळून हिन्रिकनं विळा आणखी लांब टाकला.