टायरच्या चपलेची सवत

नाक मुरडू नका. टायरची चप्पल असले तरी बोलायचा हक्क मलाही आहे. मी उजव्या पायाची. डावी माझी जुळी बहीण, पण ती मुखदुर्बळ, म्हणून दोघींचं मीच सांगते.

माझा जन्म कुंभिवलीचा, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला. चपला करणाऱ्या धाऊमामांनी ट्रकचा निकामी टायर घेतला आणि सुरी पाण्यात बुडवून बुडवून मला कापून काढलं. वर दोन पट्टे, टाचेला एक, आणि खिळे असे ठोकले की एकही पायाला टोचू नये. टायरचा बाक अंगात होता, त्यामुळे सुरुवातीला मी होडीसारखी दिसायचे. "दोन म्हयने चाल, आपोआप सरळ व्हशील," असं मामा म्हणाले. हे ते चपलेला म्हणाले की गिऱ्हाइकाला, ते मला अजून कळलेलं नाही.

गिऱ्हाईक होता लोधिवलीचा हिरामण. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन रोज चौक गावाच्या बाजूने डोंगर चढायचा आणि माथेरानच्या एका हॉटेलात भाजी पोचवून उतरायचा. वाटेत मुरूम, सुटे दगड, वाळलेलं गवत. माझ्या खाचा सगळं घट्ट धरून ठेवायच्या. चार वर्षांत त्याचा पाय एकदाही घसरला नाही. याचं श्रेय तो देवाला द्यायचा. देऊ दे.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात हॉटेलात मुंबईचे एक बूटवाले साहेब उतरले. त्यांच्या कंपनीने डोंगरात चालायचे नवे कॅनव्हासचे बूट काढले होते. ते हिरामणला म्हणाले, "महिनाभर रोज हे बूट वरखाली ने. महिन्यानं मी सोल किती झिजला ते मोजीन. मग बूट तुझेच."

हिरामण हरखला. महिना संपला की चारच दिवसांनी त्याचं चिमाशी लग्न होतं. पायांत पांढरे बूट घालून मांडवात उभं राहायचं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. त्याच्या घरात आजवर कुणी बूट घातले नव्हते.

घरी आल्यावर त्याच्या आईने, पुतळाबाईने, बूट पदराने पुसले. "हे रोज घालनार? अरं, लग्नाचं बूट आधीच झिजवतोस व्हय रं?"

"साहेबानं वरखाली न्यायला सांगितलंय."

"मग पाटीत ठेव नि ने की! घाल म्हनलाय का?"

झालं! फडक्यात बांधलेले बूट भाजीच्या पाटीत बसून माथेरानला जाऊ लागले. मी पायाखाली आणि सवत डोक्यावर! दगड मी खायचे, शेण मी तुडवायचे आणि बाईसाहेब दुधी भोपळ्याला टेकून हवा खायच्या. मी इतकी जळले की रबराचा वास सुटला असेल.

महिन्याने साहेब आले. मोजपट्टी लावली, भिंग लावलं. सोल जसाच्या तसा! साहेब आनंदाने हॉटेलभर नाचले. "हे तर दुकानाच्या काचेत ठेवायचे! महिनाभर डोंगर चढून कोरे करकरीत! हिरामण, हा जोड मी घेऊन जातो."

हिरामणचा चेहरा उतरला. तो गप्प राहिला असता तर बूट गेलेच होते. शेवटी तो म्हणाला, "साहेब, खरं सांगू का? बूट चाललंच नाय. मी चाललो. बूट पाटीत व्हतं."

साहेब आधी लाल झाले, मग म्हणाले, "घाल आत्ता. चल माझ्यासमोर."

हिरामणने पाय धुऊन बूट घातले आणि मला हातात धरलं. उतारावर शंभर पावलं झाली नसतील, उजव्या बुटाने जबडा वासला. पुढच्या वळणावर डावा सोल टाचेपासून सुटून मागे मागे फटफट करत येऊ लागला. हिरामण दगडावर बसला आणि फाटलेल्या बुटांकडे बघत राहिला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

साहेबांनी मात्र मला उचललं, वाकवलं, खाचांत नख घातलं. "किती वर्षं झाली?"

"चार."

"ही मला दे. नमुना म्हणून नेतो. बदल्यात दुसरे बूट पाठवतो."

पांढरे बूट पुन्हा त्याच्या समोर होते.

हिरामणने मला साहेबांच्या हातातून काढून घेतलं. "नाय जमायचं, साहेब. चार दिवसांवर लगीन हाय माझं. तवर तुमचं बूट टिकंल का, सांगा!"

लग्नात पुतळाबाईने आम्हाला खोबरेल लावलं. कर्जतहून फोटोवाला आला होता. हिरामण त्याला सारखा बजावत होता, "पाय आलं पायजेत रं. चपला दिसल्या पायजेत." फोटोवाला कॅमेरा खाली, आणखी खाली करत गेला.

तो फोटो आज भिंतीवर आहे. चिमाची हनुवटी आहे. हिरामणचं डोकं फेट्यासकट कापलं गेलंय. आम्ही दोघी मात्र पूर्ण आलोय.