दोरीच्या अलीकडे

"ताई, दोरीच्या अलीकडे उभ्या राहा," नवऱ्याने हात मागे बांधूनच सांगितलं, आणि ती अनोळखी बाई "सॉरी हं" म्हणत दोन पावलं मागे सरली.

बायकोने कपाळाला हात लावला. या परक्या शहरातलं हे पाचवं संग्रहालय, आणि पाचही ठिकाणी हा माणूस भिंतीला पाठ लावून, वस्तूंकडे ढुंकूनही न बघता, लोकांवर नजर ठेवत उभा होता. वर लोक त्याचं ऐकतही होते. काल एका कुटुंबाने त्याला स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारलं, तर आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवलेल्या इमारतीत त्याने ते अचूक सांगितलं.

"अहो, दोन महिने झाले तुम्हाला निवृत्त होऊन," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग त्या मूर्तीकडे बघा ना जरा."

"बघितली की."

"कशाची आहे?"

"दगडाची," तो म्हणाला, दाराकडे बघत.

एकतीस वर्षं तो गावच्या संग्रहालयात पहारेकरी होता. लग्न नवं होतं तेव्हा ती हौसेने त्याचा डबा घेऊन जायची. वाटायचं, घटकाभर आपल्याबरोबर हिंडेल, हे काय, ते काय सांगेल. तो डबा खुर्चीखाली सरकवायचा, "दालन सोडता येत नाही" म्हणायचा, आणि ती एकटीच फेरी मारून घरी यायची. पुढे तिने जाणंच सोडलं. हा प्रवास तिने ठरवला तो एवढ्याचसाठी, की एकदा तरी एखाद्या वस्तूसमोर दोघांनी मिळून उभं राहावं. सकाळी संग्रहालयं, दुपारी जुन्या वस्त्यांतून रमतगमत भटकंती, असा बेत तिने वहीत लिहून आणला होता. पण भटकंतीतही कुणाच्या फाटकाची कडी लागत नाही, कुणाच्या खिडकीची काच सैल आहे, एवढंच बघत हा पठ्ठ्या चालला. आणि उद्या परतीची गाडी होती.

शेवटच्या दालनात एक दगडी कुत्रा पंजांवर हनुवटी टेकून झोपला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कुरवाळून कुरवाळून त्याचं डोकं गुळगुळीत झालंय, असं पाटीवर लिहिलं होतं. आता भोवती दोरी होती. आत दोघांशिवाय कुणी नव्हतं. इथली पहारेकरीण दाराबाहेर कुणाला तरी जिना दाखवत होती.

बायकोने वळून पाहिलं. नवरा भिंतीपाशी, हात मागे. तिचं डोकंच फिरलं. त्याच्या डोळ्यांदेखत तिने दोरीवरून वाकून कुत्र्याच्या डोक्यावर तळवा ठेवला. म्हणा आता मला ताई, असं तिच्या मनात आलं.

तो ताडताड चालत आला. ती हात काढणार नव्हती. खोलीवर गेल्यावर काय काय सुनवायचं, तेही तिचं ठरलं होतं. पण तो तिच्याजवळ थांबलाच नाही. ती आणि दार यांच्या मधोमध, तिच्याकडे पाठ करून, तो खांदे ताणून उभा राहिला. बाहेरून आता फक्त त्याचा सदरा दिसला असता.

"गार आहे का?" त्याने मान न वळवता विचारलं.

"काय?"

"आमच्याकडे हत्ती होता असाच. हाताला कसा लागतो, कधी कळलं नाही."

"एकतीस वर्षांत? कुणी नसतानासुद्धा?"

"मी असायचो ना."

तिने हात काढला. बोलायचं पुष्कळ होतं, पण "धन्य आहे तुमची" एवढंच तिच्या तोंडून निघालं. तिने त्याला दंडाला धरून कुत्र्याकडे वळवलं आणि स्वतः त्याच्या जागी, दाराकडे तोंड करून उभी राहिली. मागे बराच वेळ काहीच हालचाल नव्हती. मग दोरी जराशी करकरली.

तेवढ्यात पहारेकरीण परत आली. बायको दोन पावलं पुढे होऊन तिला दारातच आडवी गेली.

"ताई, स्वच्छतागृह कुठे आहे हो?" तिने विचारलं. "जरा सावकाश सांगा. मला पटकन लक्षात येत नाही."